रत्नागिरीच्या मातीत विसावलेला ब्रह्मदेशचा राजा

ब्रह्मदेशच्या अखेरच्या राजाचे सिंहासन मायदेशी परतले, राजचिन्हे परतली, राणीही परतली. राजा मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कोकणच्या जांभ्या मातीतच आहे. थिबा राजाच्या थडग्याची ही कहाणी एका राजघराण्याच्या वाताहतीची आहे, तशीच मृत राजालाही भिणाऱ्या साम्राज्याचीही आहे.

रत्नागिरीला येणारा पर्यटक थिबा राजवाडा आवर्जून पाहतो. उंचावर उभी असलेली ही तीन मजली वास्तू, तिच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि खाली पसरलेली भाट्याची खाडी यांची छायाचित्रे घेतो आणि पुढे गणपतीपुळ्याकडे निघतो. याच शहरातील शिवाजीनगर परिसरात ख्रिस्ती दफनभूमीला लागून एक छोटीशी कुंपणबंद जागा आहे, याची कल्पना त्यांपैकी फारच थोड्यांना असते. तेथे दोन थडगी आहेत, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या थडग्याखाली ब्रह्मदेशच्या कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा थिबा चिरनिद्रा घेत आहे आणि शेजारी त्याची धाकटी राणी सुपायागले. सभोवती घरे दाटली आहेत. आयुष्याच्या सुरुवातीची २६ वर्षे ज्याने मंडालेच्या परिसरात काढली, त्या राजाला शेवटची जागा मिळाली ती अरबी समुद्राच्या काठी.

हे घडले कसे, याचे उत्तर शोधताना ब्रह्मदेशच्या राजधानीपासून सुरुवात करावी लागते.

मठातला राजपुत्र

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी झाला. त्याचे वडील राजा मिंडन यांनी नुकतीच मंडाले ही नवी राजधानी वसवली होती. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात रंगूनसह दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या घशात गेला होता. समुद्रकिनारा हातचा गेलेले उरलेसुरले राज्य सांभाळण्याची कसरत मिंडन करीत होता. त्याला शंभराहून अधिक अपत्ये होती. त्यात थिबाचा क्रमांक कोठेच लागत नव्हता. त्याची आई राजाच्या मर्जीतून उतरलेली राणी. त्यामुळे सिंहासनाची आस धरावी, असे त्याच्या वाट्याला काहीच आलेले नव्हते.

त्याचे बालपण आणि तारुण्य गेले ते ग्रंथांच्या सहवासात. मंडालेत डॉ. मार्क्स या मिशनऱ्याने मिंडनच्याच आर्थिक साह्याने शाळा काढली होती. तेथे काही काळ त्याने इंग्रजी धडे गिरवले. पुढे बौद्ध मठात राहून त्याने पाली धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि १८७७ मध्ये त्यातील अवघड परीक्षा उत्तीर्ण झाला. मठातच आयुष्य गेले असते तर कदाचित एक विद्वान राजपुत्र म्हणून त्याची नोंद झाली असती.

१ ऑक्टोबर १८७८ रोजी मिंडनचे निधन झाले. दरबारातील सत्ता त्यावेळी सिनब्यूमशिन या महत्त्वाकांक्षी राणीच्या हाती एकवटली होती. तिला पुत्र नव्हता, मुली होत्या. आपल्या मुठीत राहील असा राजा तिला हवा होता. किनवुन मिंजी या बुजुर्ग मंत्र्याचीही अपेक्षा काहीशी तशीच होती. मवाळ, अननुभवी राजा असला तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कारभार चालवता येईल, असा त्याचा होरा होता. दोघांची निवड एकाच नावावर स्थिरावली. १९ वर्षांचा थिबा राजा झाला आणि सिनब्यूमशिनची मुलगी सुपायालत त्याची राणी. ती त्याची सावत्र बहीणच. रक्ताची शुद्धता राखण्यासाठी असे विवाह करण्याची त्या राजघराण्यात परंपरा होती.

मात्र सर्वांचेच अंदाज चुकले. दरबाराची सूत्रे हळूहळू सुपायालतकडे गेली. फेब्रुवारी १८७९ मध्ये राजवाड्यात भीषण हत्याकांड झाले. सिंहासनावर दावा सांगू शकतील अशा सुमारे ८० राजपुत्रांना, राजकन्यांना आणि आप्तांना ठार मारण्यात आले. या हत्याकांडाचा आदेश नेमका कोणाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राजमाता, सुपायालत आणि काही दरबारी यांच्याकडे बोट दाखवले जाते. पण ते थिबाच्या नावावर झाले आणि त्याच्या माथी बसले. इंग्रजी वृत्तपत्रांना तर आयताच मजकूर मिळाला. रक्तपिपासू राजा आणि क्रूर राणी यांचे चित्र लंडनपर्यंत पोहोचले.

या धामधुमीतही थिबाच्या हातून एक गोष्ट अशी घडली की आजही मंडालेकर त्याचे ऋणी राहावेत. वडिलांचा मृत्यू ज्या दालनात झाला, ते सागवानी नक्षीकामाचे दालन त्याने राजवाड्यातून हलवून बाहेर उभारले व तेथे मठ केला. श्वेनानडॉ मठ तो हाच. १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात मंडालेचा राजवाडा जळून खाक झाला. बाहेर असलेली ही वास्तू तेवढी वाचली.

मुंबईतील कंपनी आणि मंडालेचे पतन

थिबाचे राज्य गेले त्याला तात्कालिक निमित्त ठरला तो सागवानाचा व्यवहार आणि त्याचे धागे मुंबईपर्यंत पोहोचतात. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान काढत असे. कंपनीने ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक ओंडके नेले आणि राजाचे पैसे बुडवले, असा ठपका ठेवून ऑगस्ट १८८५ मध्ये मंडालेच्या मंत्रिमंडळाने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला.

दंडाचा वाद चर्चेतून मिटू शकला असता. पण इंग्रजांची खरी चिंता वेगळी होती. त्याच वर्षी जानेवारीत ब्रह्मदेशने फ्रान्सशी करार केला होता. शेजारच्या इंडोचायनात पाय रोवलेले फ्रेंच उद्या मंडालेत आले तर, या धास्तीने कलकत्त्यातील व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन आणि लंडनमधील भारतमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल अस्वस्थ होते. व्यापाऱ्यांनाही चीनकडे जाणारा मार्ग हवा होता. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी निर्वाणीचा खलिता रवाना झाला. त्यातील अटी मान्य करणे म्हणजे परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या स्वाधीन करणे होते. थिबाच्या दरबाराने त्या सरळ स्वीकारल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्टच्या नेतृत्वाखाली सुमारे १० हजारांची फौज आगबोटींतून इरावती नदीने निघाली. अवघ्या दोन आठवड्यांत युद्ध संपले. २८ नोव्हेंबरला मंडाले पडले आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणीला राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले. हत्ती किंवा पालखी नव्हे, साध्या बैलगाड्यांतून त्यांना नदीकाठी नेले गेले. रस्त्याच्या दुतर्फा जमलेले प्रजाजन ओक्साबोक्शी रडत होते. ‘थूरिया’ या आगबोटीने राजघराण्याचा मंडालेशी असलेला संबंध कायमचा तोडला. या गडबडीत राजाचा बहुमोल माणिक ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लेडनच्या हाती गेला आणि परत मिळाला नाही, असा आरोप थिबा आणि त्याचे कुटुंबीय अखेरपर्यंत करीत राहिले.

१ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन केल्याची घोषणा झाली. तो थिबाचा २७ वा वाढदिवस होता.

रत्नागिरीच का?

राजघराण्याला आधी मद्रासला ठेवण्यात आले. तेथे तिसऱ्या मुलीचा जन्म झाला. एप्रिल १८८६ मध्ये सर्वांना रत्नागिरीला हलवण्यात आले. पदच्युत राजाला ठेवण्यासाठी इंग्रजांना असे ठिकाण हवे होते, जेथून ब्रह्मदेशशी संपर्क जवळपास अशक्य होईल. रत्नागिरी त्या दृष्टीने सोयीची होती. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वेचा पत्ता नाही आणि पावसाळ्यात तर बोटीही बंद. चौथी राजकन्या पुढच्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली.

एका राजाला त्याच्या प्रजेपासून तोडून परमुलखात नेऊन ठेवण्याचा हा प्रयोग इंग्रजांना नवा नव्हता. १८५७ च्या उठावानंतर अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला धाडले होते. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो तेथे मरण पावला. त्याच दिवशी घाईने दफन उरकून जमीन सपाट करण्यात आली. कबरीचा ठावठिकाणा कोणाला कळू नये आणि तेथे कोणी जमू नये, हा त्यामागचा हेतू. मूळ कबर सापडली ती १९९१ मध्ये, खोदकाम सुरू असताना. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, अशी ही अदलाबदल झाली.

मराठी माणसाला या नियतीच्या खेळाचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते. तो तुरुंग थिबाच्याच राजधानीतील किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होता. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. म्हणजे रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदिवान असताना मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता. दोघांनाही कोंडणारी सत्ता एकच होती.

खाडीकाठचा राजवाडा

रत्नागिरीतील पहिली २४ वर्षे थिबाने बंगल्यांत काढली. त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी अधिकारी नेमलेला होता. कोठे जायचे तर परवानगी हवी, कोणी भेटायला यायचे तरी परवानगी हवी. सरकारी तनख्यात राजेशाही इतमाम राखणे शक्य नव्हते. नोकरचाकरांचा गोतावळा मोठा, सणवार आणि दानधर्म सुटलेला नाही. मंडालेहून आणलेले जवाहीर एकेक करून विकले गेले आणि त्यात फसवणुकीचेही प्रसंग आले. व्हाइसरॉयपासून इंग्लंडच्या राजापर्यंत अर्ज पाठवण्याचा त्याचा परिपाठ होता. तनखा वाढवावा, हिरावलेली संपत्ती परत द्यावी, असे ते अर्ज. बहुतेकांना नकारच मिळाला.

सरकारने बांधलेला नवा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. जांभा दगड, लाकडी नक्षीकाम, उतरती छपरे आणि समोर खाडी. बांधकामात राजाने स्वतः लक्ष घातले होते. वरच्या मजल्यावर बसून समुद्रातून जाणाऱ्या बोटी तो न्याहाळत असे, असे रत्नागिरीत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. हे सुख मात्र त्याला सहाच वर्षे लाभले.

चार राजकन्या रत्नागिरीतच वाढल्या. त्या मराठी आणि हिंदुस्थानी सहज बोलत. त्यांच्या तोलामोलाचे वर मिळणे मात्र अशक्य होते. राजघराण्यातील पुरुष एकतर मारले गेले होते किंवा परागंदा झाले होते आणि ब्रिटिश सरकारलाही ब्रह्मी राजपुत्रांशी सोयरीक नको होती. बंदिवासाच्या भिंतीआड तारुण्य सरत गेले. थोरल्या राजकन्येचे मन राजाकडे नोकरीस असलेल्या एका मराठी इसमावर जडले आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव टू टू. दुसऱ्या राजकन्येने राजाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी तरुणाशी लग्न करण्याचा हट्ट धरला. आईवडिलांचा विरोध पाहून १९१६ मध्ये तिने राजवाडा सोडला. हा आघात थिबाला सहन झाला नाही. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. तो ५७ वर्षांचा होता. त्यांपैकी ३१ वर्षे त्याने भारतात काढली होती.

वाट पाहणाऱ्या शवपेट्या

थिबा गेला तेव्हा राजवाड्याच्या आवारात आधीच एक शवपेटी होती. धाकटी राणी सुपायागले १९१२ मध्येच वारली होती. तिचा देह ब्रह्मदेशला नेता येईल या आशेने पेटीत जतन करून ठेवण्यात आला होता. आता राजाचा देहही तसाच ठेवण्यात आला. सुपायालतचा आग्रह एकच होता, राजाला ब्रह्मदेशच्या भूमीतच विसावा मिळाला पाहिजे.

या आग्रहामागे केवळ भावना नव्हती. कोनबाँग राजांचे दहन करून रक्षा नदीत सोडण्याची जुनी रीत होती. मिंडनने ती मोडली. त्याच्या इच्छेनुसार त्याचे दफन मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात झाले आणि तेथे समाधी उभी राहिली. मुलाची जागा वडिलांच्या सान्निध्यात असावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण इंग्रजांना नेमके तेच नको होते. राज्य जिंकायला दोन आठवडे लागले असले तरी त्यानंतरचे सशस्त्र बंड मोडायला कित्येक वर्षे लागली होती. मंडालेत थिबाची समाधी झाली तर ती असंतोषाचे तीर्थक्षेत्र होईल, या भीतीने सरकारने परवानगी नाकारली. जिवंत राजाला ज्या कारणाने रत्नागिरीला आणले, त्याच कारणाने मृत राजाला तेथून हलवू दिले नाही.

राणी हटली नाही. पहिले महायुद्ध संपले, तरी पेट्या होत्या तेथेच होत्या. अखेर सरकारने स्वतःच हा प्रश्न निकालात काढला. १९ मार्च १९१९ रोजी दोन्ही शवपेट्या नेऊन त्यांचे दफन करण्यात आले. सुपायालत त्यावेळी तेथे हजर नव्हती. राजाला पट्टराणीविना मूठमाती मिळाली.

घर एक, कबरी अनेक

दफन उरकल्यानंतर त्याच वर्षी राजकुटुंबाला परतण्याची मुभा मिळाली. तीही मंडालेला नव्हे, रंगूनपुरती. सुपायालतने उरलेली वर्षे रंगूनच्या एका बंगल्यात काढली. २४ नोव्हेंबर १९२५ रोजी तिचे निधन झाले. तिलाही मंडालेत दफन करू देण्यास सरकारने नकार दिला. श्वेडगॉन पॅगोडाच्या परिसरातील कांदॉमिन येथे तिची पांढरी समाधी उभी आहे. तेथून बहादूरशहा जफरचा दर्गा फार दूर नाही.

कांदॉमिनची ही जागा पुढेही इतिहासाची साक्षीदार ठरली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले ऊ थांट १९७४ मध्ये निवर्तले. लष्करी राजवटीने त्यांना सन्मानाने निरोप देण्याचे टाळताच विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेतली, रंगूनमध्ये रक्त सांडले आणि शेवटी त्यांना याच ठिकाणी विसावा मिळाला. आँग सान स्यू ची यांच्या मातोश्री खिन चि यांची समाधीही येथेच आहे. सत्ता परक्यांची असो वा स्वकीयांची, मृतांचे भय तिला सुटत नाही, हेच ही समाधिस्थळे सांगतात.

राजकन्यांची तर दिशादिशांना पांगापांग झाली. थोरली रंगूनला गेली, पण मुलीसह पुन्हा रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये विपन्नावस्थेत तेथेच मरण पावली. तिची मुलगी टू टू हिने रत्नागिरीतच संसार केला. मराठी हीच तिची भाषा झाली. २००० मध्ये ती गेली. दुसरी राजकन्या कालिम्पाँगला स्थायिक झाली आणि १९५६ मध्ये तेथेच निवर्तली. तिसरी ब्रह्मदेशात राहिली आणि १९६२ मध्ये वारली. रत्नागिरीत जन्मलेली चौथी सर्वांत करारी. घराण्याची संपत्ती व हक्क परत मागण्याचे धाडस तिने १९३१ मध्ये केले. परिणामी तिला कुटुंबासह रंगूनहून मौलमीनला धाडण्यात आले. १९३६ मध्ये ती तेथेच गेली. पिता रत्नागिरीत, माता रंगूनमध्ये, मुली कोकणापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत विखुरलेल्या. एका छत्राखाली जन्मलेल्या या कुटुंबाला एक समाधिस्थळही लाभले नाही.

वस्तू परतल्या, राजा नाही

स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशला गमावलेले बरेच काही परत मिळाले. कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवलेले सिंहासन १९४८ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांच्या पुढाकाराने परत देण्यात आले. परदेशात होते म्हणूनच ते १९४५ च्या आगीतून वाचले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील राजचिन्हे १९६४ मध्ये परतली. राजाचे नाव मात्र कोणी काढले नाही. प्रजासत्ताकाला आणि नंतरच्या लष्करशहांना जुन्या राजघराण्याची आठवण जागवण्यात रस नव्हता. रत्नागिरीतील राजवाड्यातही दरम्यान सरकारी कचेऱ्या आल्या, तंत्रनिकेतन आले. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या वाचकांना रत्नागिरीतल्या या विस्मृत राजाची ओळख झाली.

२०१२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरले. मे महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यांगूनमध्ये बहादूरशहा जफरच्या मजारीवर फुले वाहिली. डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या थडग्यापुढे नतमस्तक झाले. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या स्मृतिशताब्दीनिमित्त त्याचे वंशज, बौद्ध भिक्खू, म्यानमारचे उपाध्यक्ष मिंट स्वे आणि लष्करप्रमुख मिन आँग लाइंग रत्नागिरीत एकत्र आले. राजाच्या थडग्यापाशी त्याच्या धर्माच्या प्रार्थना झाल्या. याच मिन आँग लाइंग यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकनियुक्त सरकार उलथवून सत्ता हस्तगत केली आणि म्यानमार पुन्हा यादवीत लोटला गेला.

राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत का, हा प्रश्न अधूनमधून निघतो. ज्या राजवाड्याच्या आवारात ते न्यायचे, तो मूळ राजवाडा आज उरलेला नाही. त्या तटबंदीच्या आत लष्कराची वस्ती आहे. दुसरीकडे, रत्नागिरीने हा पाहुणा आपलासा केला आहे. तेथे तो सर्वांचा थिबा राजा आहे. त्याच्या नावाचा राजवाडा आहे, सूर्यास्त पाहण्याचे ठिकाण आहे आणि त्याच्या रक्ताचे मराठी बोलणारे वारसही आहेत.

तरीही १९१९ मध्ये एका विधवा राणीने मांडलेली मागणी अजून अपुरीच आहे. तिला नकार देणारे साम्राज्य लयाला गेले, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्यालाही पाऊणशे वर्षे उलटली. रत्नागिरीतल्या त्या कुंपणाआड मात्र १९ मार्च १९१९ चाच निर्णय अजून लागू आहे.